अक्षांना नावे हवीत

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या ज्या बडोद्यात १८९० साली कलाभवन स्थापन होऊन रेखनविद्या कारागिराच्या हाती आली, तेथीलच विद्यार्थ्याने काढलेला आजवा सरोवराच्या जलपातळीचा आलेख पाहावा, तर रेषा सुबक असते. परंतु उभ्या अक्षावर फूट की मीटर, आडव्यावर दिवस की तास, आणि आकडे कोणत्या दप्तरातून घेतले, याचा पुष्कळदा मागमूस नसतो. शहरातील विश्वामित्री नदीला पूर येतो तेव्हा अशी मुकी रेषा कोणाच्याच उपयोगी पडत नाही. अक्षाचे नाव, एकक आणि प्रमाण यांना जी परीक्षा गुण देत नाही, ती आमच्या मते सदोषच होय. शिक्षकबंधूंनी प्रत्येक आलेख दुसऱ्या विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचवून घ्यावा, आणि तो जेथे अडखळेल तेथेच कर्त्याकडून दुरुस्ती करवावी, ही आमची आग्रहाची विनंती आहे.