कितवा नंबर?

परमेश्वराने माणसाला दोन डोळे, दोन कान आणि एक जीभ एवढे देऊन हात आवरता घेतला असता, तर पुष्कळ बरे झाले असते. पण शेवटच्या क्षणी त्याला काय वाटले कोण जाणे, त्याने माणसाच्या डोक्यात एक फूटपट्टीही घालून ठेवली. तेव्हापासून माणूस आंबा खाताना तोंडातल्या आंब्याकडे लक्ष देत नाही. गेल्या वर्षीचा कसा होता ते आठवत बसतो. गाणे ऐकताना शेजाऱ्याच्या कानात 'पण अमक्याची सर नाही हो' असे कुजबुजल्याशिवाय त्याच्या कानाला गोड लागत नाही. माझी ही तक्रार जुनीच आहे. ती लिहून काढण्याइतका मी चिडलो तो मात्र परवाच्या दिवाळीत.

झाले असे, की सुट्टीला सांगलीहून माझ्या बहिणीचा नातू आमच्याकडे साताऱ्याला आला. माझा स्वतःचा नातू घरात होताच. दोघेही कॉलेजात जाणारे, मिसरूड फुटून स्थिरावलेले. पहिला फराळ पोटात गेल्याबरोबर दोघांनी आतल्या खोलीचे दार लोटून घेतले आणि थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागले.

"भावा, तुझी ती पहिल्या पाचात बसतच नाही!"

"तुझी तर पहिल्या दहातसुद्धा नको!"

आमच्या ह्यांनी माझ्याकडे आणि मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिले. हल्लीची पोरे लवकर सुरुवात करतात हे ऐकून होतो, पण एकदम दहा म्हणजे फारच झाले. मी दार ढकलून आत गेलो.

"काय चाललंय रे?"

"काही नाही आजोबा, अ‍ॅनिमे लावतोय."

आता माझे कान सत्तरी ओलांडलेले. त्यांना 'एनिमा' ऐकू आला. "कुणाला?" मी काळजीने विचारले. दिवाळीच्या दिवसांत हा प्रसंग कुणावर येणे अशक्य नव्हते.

पुढची पाच मिनिटे दोघेही गादीवर लोळून हसत होते. मग कळले, की अ‍ॅनिमे म्हणजे जपानमध्ये हाताने चित्रे काढून, आणि आता संगणकाच्याही मदतीने, तयार केलेल्या मालिका आणि चित्रपट. "म्हणजे कार्टून!" मी म्हणालो. खोलीत एकदम शांतता पसरली. सांगलीत जाऊन 'विष्णुदास भावे म्हणजे ते सोंगं नाचवायचे तेच ना?' असे विचारल्यावर जशी पसरेल, तशी.

मग माझे शिक्षण सुरू झाले. सातारकराची लाडकी मालिका 'फ्रीरेन', २०२३ साली आलेली. सांगलीकराची 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड', २००९ ची, ६४ भागांची. ही दुसरी जगभरच्या चाहत्यांच्या मतांवर पुष्कळ वर्षे पहिल्या नंबरावर होती आणि मग फ्रीरेनने तिला खाली ओढली. या गादीच्या भांडणाचे पडसाद थेट आमच्या माजघरापर्यंत आले होते. 'वन पीस' नावाची एक मालिका १९९९ पासून चालू आहे आणि तिचे अकराशेच्या वर भाग झाले आहेत, हे ऐकून आमच्या ह्या म्हणाल्या, "आणि आपल्या सासू-सुनांना उगीच नावं ठेवतात!"

मला खरा धक्का बसला तो मोगलीचा. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ज्या 'जंगल बुक'साठी माझा मुलगा अंघोळ टाळायचा, ती मालिका जपान्यांनी १९८९ मध्ये केलेली! लेखक किपलिंग, म्हणजे १८६५ साली मुंबईत जन्मलेला इंग्रज. चित्रे जपानी. हिंदीतले शीर्षकगीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजची, आणि शेरखानाचा आवाज आमच्या नाना पाटेकरांचा. एका उघड्या पोराला वाढवायला केवढा हा गोतावळा! मी भारावून विचारले, "मग हा तुमच्या यादीत कितवा?"

"तो धरत नाही आजोबा. ते लहान मुलांचं."

विसाव्या वर्षी माणसाला लहान मुलांचे फार वावडे असते.

यादी मला दाखवण्यात आली. एका मोठ्या कागदावर रकाने आखलेले होते. कथा ३० गुण, चित्रे २०, संगीत २०, शेवट २०, आणि 'पुन्हा पाहावीशी वाटणे' १०. एकूण १००. खाली एस, ए, बी, सी असे वर्ग. 'ए'च्याही वर 'एस'! आमच्या शाळेत 'अ' तुकडीच्या वर फक्त हेडमास्तर असत. कागद इतका नीटनेटका होता, की मला क्षणभर अभिमान वाटला. एवढी मेहनत अभ्यासात घेतली असती तर, वगैरे वाक्य मी गिळून टाकले. तेच वाक्य माझ्या वडिलांनी मला संगीत नाटकांवरून ऐकवले होते.

त्याच रात्री दोघांनी आम्हां म्हाताऱ्यांना एक चित्रपट दाखवला. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', म्हणजे काजव्यांचे थडगे. इसाओ ताकाहाताचा, १९८८ चा. अकियुकी नोसाका नावाच्या लेखकाने स्वतःच्या अनुभवावरून लिहिलेल्या कथेवरचा. १९४५ साल, कोबे शहर, वरून बाँब पडताहेत. आई गेलेली. एक चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याची चार वर्षांची बहीण. तिच्याजवळ गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. बस, एवढेच. आमच्या ह्यांनी सांगलीहून आलेले भडंग ताटलीत काढून ठेवले होते. ते तसेच राहिले. साताऱ्यासांगलीच्या चार माणसांसमोर भडंग तसेच राहते, याचा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळेल.

चित्रपट संपला. कुणी दिवा लावला नाही. आणि त्या अंधारात सांगलीकर हळूच म्हणाला, "एकोणनव्वद."

"काय एकोणनव्वद?"

"गुण. बाकी सगळ्यात जवळजवळ पैकीच्या पैकी. पण 'पुन्हा पाहावीशी वाटणे' शून्य ना! हा पिक्चर पुन्हा कोण बघू शकणार? म्हणजे चौदावा नंबर."

अरे लेका! तुझ्या गालावरचे पाणी अजून वाळले नाही, आणि तू बेरीज करतोस? जो चित्रपट दुसऱ्यांदा पाहायची हिंमत होत नाही, त्याचे दहा गुण कापायचे? काही गोष्टी एकदाच पाहायच्या असतात, आणि त्या जन्मभर पुरतात. तुमच्या कागदावर त्यांना रकानाच नाही, हा दोष चित्रपटाचा नव्हे, कागदाचा आहे!

हे मी मोठ्याने बोललो. जरा जास्तच मोठ्याने. पण तेवढ्यात आमच्या ह्या अंधारातून म्हणाल्या, "त्यानं डब्यात पाणी घालून, हलवून दिलं ना तिला... आमची आई साखरेचा डबा असाच विसळायची. महिनाअखेरीला. आणि ते पाणी धाकट्याला द्यायची." त्या पुढे काही बोलल्या नाहीत. पण लग्नाला पन्नास वर्षे होत आली, आणि हे मला त्या रात्री प्रथम कळले.

आता मला सांगा, त्या चित्रपटाची खरी समीक्षा कोणती? एकोणनव्वद, की साखरेचा डबा?

माझा झगडा आहे तो इथे. मुलांनी अ‍ॅनिमे पाहण्याला माझी हरकत नाही. 'घोडे झाले तरी कार्टून बघतात' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी आता स्वखर्चाने भांडायला तयार आहे. हरकत आहे ती नंबराला. नंबर दिला की बोलणे संपते. 'मला हे का आवडले' हे सांगायला स्वतःच्या आत थोडे उतरावे लागते, प्रसंगी आईचा साखरेचा डबा बाहेर काढावा लागतो. नंबर द्यायला बेरीज आली की पुरते.

चाहते हे नेहमी कलावंतांपेक्षा कडवे असतात. ते 'काजव्यां'चे चित्र जपानमध्ये १६ एप्रिल १९८८ रोजी लागले, ते मियाझाकीच्या 'माय नेबर टोटोरो'ला जोडूनच लागले. एकाच तिकिटात दोन्ही. एकात काळीज फाटते, दुसऱ्यात दोन बहिणींना रानातला गुबगुबीत देव भेटतो. करणाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवली. वरखाली ठेवायला निघालो ते आपण.

आणि जपानला तरी कशाला जायचे? 'मानापमान' लिहिणारे खाडिलकर सांगलीचे. बालगंधर्व श्रेष्ठ की केशवराव भोसले, यावर त्या काळच्या रसिकांनी किती पानसुपारी संपवली असेल त्याची गणती नाही. आणि ते दोघे काय करत होते? टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोघे एकाच रंगमंचावर उभे राहिले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. संयुक्त मानापमान! त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. त्या रात्री थिएटरात बसून जो कोणी 'आज कोण वरचढ' याचा हिशेब करत बसला असेल, त्याच्या हातून काय निसटले ते त्याला ऑक्टोबरात कळले असेल.

मी हे शहाणपण सांगतो आहे, पण मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. माझा एक मित्र होता सांगलीचा. आमचा वाद लता की आशा. आशाबाईंचा जन्म सांगलीचा, त्यामुळे त्याच्या दृष्टीने निकाल १९३३ सालीच लागलेला होता. मी लताबाईंच्या बाजूने. एकदा आयर्विन पुलावर आमची अशी जुंपली, की पुढे दोन वर्षे अबोला होता. दोन वर्षे! ज्यांच्यासाठी भांडलो त्या दोघी सख्ख्या बहिणी, आणि आम्हां दोघांच्या अस्तित्वाची त्यांना गंधवार्ता नाही. तो मित्र आता नाही. त्याची यादी मला आठवत नाही. पण पहाटे घाटावर बसून तो अतिशय बेसूर आवाजात आशाबाईंची गाणी म्हणायचा आणि मध्येच थांबून 'इथं, इथं बघ' म्हणून माझा दंड दाबायचा, तो दाब अजून आठवतो. 'इथं बघ' म्हणायला त्याला कधी नंबर लागला नव्हता.

नंतर मी सातारकराची ती फ्रीरेनही पाहायला घेतली. तिच्यात एक हजार वर्षांहून जास्त जगलेली बाई आहे. चार सोबत्यांची दहा वर्षांची भटकंती तिला किरकोळ वाटते. मग पन्नास वर्षांनी त्यातला एक म्हातारा होऊन मरतो, आणि त्याच्या अंत्ययात्रेत ती रडते, की दहा वर्षे बरोबर असून मी ह्याला समजून घेतले नाही. पहिल्याच भागात! मी उठून चष्मा पुसून आलो. कितवा नंबर ते मला विचारू नका.

यावर सांगलीकराने बिनतोड सवाल टाकला. "पण आजोबा, शेकडो मालिका आहेत. यादी नसेल तर नवीन माणसानं सुरुवात कुठून करायची?"

प्रश्न रास्त आहे. यादी करा. दहा नावे लिहा, वीस लिहा. पण नावापुढे आकडा लिहिण्याऐवजी एक ओळ लिहा. 'घरात कुणी गेलं असेल तर ही बघ.' 'धाकट्या भावाशी भांडण झालं असेल तर ती बघ.' फुलमेटल ही दोन भावांची गोष्ट आहे म्हणे, एकमेकांसाठी वाटेल ते सोसणाऱ्या. आणि तिच्यावरून हे दोघे भाऊ संध्याकाळपासून एकमेकांशी धड बोलत नव्हते!

पण मग मला एक आठवले आणि माझा आवाज खाली आला. या पोरांना ही फूटपट्टी दिली कुणी? माझा नातू बालवाडीत होता तेव्हा घरी आल्याबरोबर 'आज काय गंमत झाली?' असे मी कधी विचारले? मी विचारले, 'कितवा नंबर आला?' त्याने चित्र काढून दाखवले, तर 'बक्षीस मिळालं का?' दहावीला टक्के ऐकले आणि लगेच विचारले, 'सांगलीवाल्याला किती?' बोर्डाने गुणवत्ता यादी जाहीर करणे कधीच बंद केले. बोर्ड सुधारले, आजोबा सुधारले नाहीत. पोरांना आवडीची एक गोष्ट सापडली, तर तिच्यावर प्रेम करायची एकच रीत त्यांना ठाऊक होती. आम्ही शिकवलेली.

हे मी त्यांना जसेच्या तसे सांगितले. दोघे जरा वेळ गप्प बसले. मग सातारकराने तो कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला 'काजवे' असे लिहिले आणि त्याच्यापुढे लिहिले, 'आजीला साखरेचा डबा आठवला.' सांगलीकराने ते वाचले आणि पेन मागितले. माघार वगैरे म्हणणार नाही, पण तहाची बोलणी सुरू झाली.

मी विजयी मुद्रेने बाहेर येऊन झोपाळ्यावर बसलो. तेवढ्यात आमच्या ह्या दोन बश्या घेऊन आल्या. एकीत घरची चकली, दुसरीत सांगलीहून वन्संनी पाठवलेली.

"खाऊन सांगा, कुठली चांगली?"

दाराआडून चार डोळे माझ्याकडे लागलेले मला दिसले. तत्त्वाचा प्रश्न होता. मी दोन्ही चकल्या सावकाश खाल्ल्या आणि म्हणालो, "ही कशी, तोंडात टाकल्याबरोबर विरघळते. आणि हिच्यात तिळाचा वास काय सुरेख लागलाय! दोन्हींची खुमारी वेगळी. यात नंबर लावण्यासारखं काही नाही."

आमच्या ह्यांनी दोन्ही बश्या उचलल्या.

"म्हणजे माझा दुसरा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.