क्लॅरिओनेटचा पावसाळी रियाज

कोयनानगरास वर्षाकाठी सरासरी ५००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, म्हणजे लग्नाचे मुहूर्त व गावोगावच्या यात्रा बंद असतात नेमक्या त्याच दिवसांत कोसळतो. त्यामुळे पाटण-कराडकडील बँडपथकातला क्लॅरिओनेटवाला गणपतीचे दिवस सोडले तर वाद्याची पेटी माळ्यावर टाकून भातलावणीस लागतो, आणि तुळशीचे लग्न उरकताच, मधल्या काळात ओठांची पकड ढिली पडली आहे याची फिकीर न करता, थेट वरातीपुढे उभा राहतो. हा शिरस्ता मोडला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. वादकाचा खरा हंगाम चातुर्मास होय. मार्गशीर्षात तो केवळ पिकलेले विकतो.

डीजेच्या भिंतींनी पथकांची बिदागी हिरावून घेतली, ही तक्रार खोटी नाही. परंतु तिच्यावर मंडळींनी परस्पर जो इलाज शोधला, म्हणजे अधिक जोराने फुंकणे, तो रोगाहून वाईट आहे. या वाद्याचा धर्मच असा की फुंक वाढविली की सूर किंचित उतरतो व हलकी केली की चढतो. सबब भोंग्याशी गळा काढून स्पर्धा करणारा वादक हरतोच, आणि वर बेसूरही होतो.

यावर उपाय एकच, व तो कंटाळवाणा आहे: तानपुऱ्याच्या किंवा पेटीच्या षड्जाशी एकच स्वर धरून तो अगदी हळू सुरू करावा, हळूहळू भरावा आणि तितक्याच सावकाश विरू द्यावा, आणि या साऱ्या चढउतारात त्याची जागा केसभरही हलू न देण्याइतका ओठांचा व पोटाचा ताबा कमवावा. गवय्याला खर्जाची मेहनत चुकत नाही, मग फुंकणाऱ्यालाच ती माफ का असावी?

दुसरी मेख वाद्याच्या रचनेतच आहे. बासरीत किंवा सनईत फुंक बदलली की तीच बोटे वरच्या सप्तकातला तोच स्वर देतात. क्लॅरिओनेटात मात्र षड्जाची बोटे तशीच ठेवून डाव्या अंगठ्याची चावी दाबली, की वरचा षड्ज न येता त्याच्याही पलीकडचा पंचम उमटतो. म्हणजे खालचा व वरचा असे दोन निराळे हिशेब बोटांनी पाठ करावयाचे, आणि त्यांच्या सांध्यावर, जवळजवळ सारी भोके उघडी असलेल्या स्वरावरून सारी मिटलेल्या स्वरावर, एका क्षणात उडी घ्यावयाची. केवळ सिनेमाची गाणी ऐकून शिकलेला वादक हमखास इथेच अडखळतो. तेथे उजव्या हाताची बोटे आधीच मिटून ठेवण्याची युक्ती जुने वादक सांगतात. खालच्या स्वरावर तिचा फारसा परिणाम होत नाही आणि उडीचे निम्मे काम आगाऊ झालेले असते. ही एवढी जागा रोज, संथ लयीत, गाणे अजिबात न वाजविता घोटावी.

कोयनेच्या ओलीत लाकडी वाद्याचे सांधे फुगतात, रीड वाकते, हे खरे. म्हणून वाजवून झाल्यावर नळी आतून पुसावी, रीड काढून सपाट ठेवावी, आणि फुगलेले वाद्य चुलीच्या धगीशी वाळवण्याचा अघोरी प्रकार करू नये, कारण लाकूड तडकते. माळ्यावर चार महिने पडून राहण्यापेक्षा रोज पुसले जाणे वाद्यालाही मानवते.

तमिळ मुलखात ए. के. सी. नटराजन यांनी हेच बँडचे वाद्य कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाने बसविले. तेव्हा ते केवळ वरातीपुरतेच, असे मानण्यास आधार नाही.

यजमानांनाही एक विनंती. कार्तिकातल्या लग्नाचा विसार देण्यापूर्वी पथकाकडून फर्माइशीचे गाणे ऐकू नका; क्लॅरिओनेटवाल्याला एकच सूर, हलक्या फुंकीने, जमेल तितका लांब धरावयास सांगा, आणि तो न हलता टिकला तर बिदागीत घासाघीस करू नका.