आग्रहाविरुद्ध

पुरणपोळीला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. माझे भांडण आहे ते आग्रहाशी!

आमच्या वाशिमकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. डॉक्टरांनी माझी साखर पाहून ‘गोड बंद’ म्हटले, ते नेमके अनुराधेला. दुसऱ्या दिवशी थोरल्या वहिनींच्या पंगतीला बसलो तो निश्चय करूनच: एक पोळी, तीही तुपाशिवाय.

आता विदर्भातली पोळी म्हणजे सगळे पुरणच, कणीक आपली नावापुरती. वर तुपाची वाटी. “घ्या हो भाऊजी, प्रसादानं काही होत नाही!”

होत कसे नाही? गुळाला काय ठाऊक, आज सण आहे ते? याच साखरेपायी दादांच्या पायाचा अंगठा गेला. आणि दादा माझ्या शेजारी बसून तिसरी पोळी मोडत होते. वाढत होत्या वहिनीच!

मौज अशी, की त्याच पानात ज्वारीची आंबील होती, सोळा भाज्यांची भाजी होती. म्हणजे आज्या-पणज्यांनी पथ्य नैवेद्यातच घालून ठेवले आहे. पण आंबिलीचा आग्रह झालेला कुणी ऐकलाय? भाजी चमचाभर, पोळ्या चार, आणि माया मोजायची ती पोळ्यांवर! कमी खाल्ले तर वहिनींचा चेहरा उतरतो, जास्त खाल्ले तर बायकोचा.

शेवटी मी पानावर आडवा हात धरला. वहिनींनी हातावरच पोळी ठेवली.

चांगली गरम होती.