पाचट, पऱ्हाटी आणि आच

दिवाळी सरता सरता साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि ऊस तुटलेल्या रानांत पाचटही पेटते. पुढे वऱ्हाडात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की बांधावर पऱ्हाटीचे ढीग लागतात. थोडी चुलीत जाते, बरीच जागेवरच जाळली जाते. या काडीकचऱ्याचे इंधन करावे, असे आता सरकारही म्हणते. ऑक्टोबर २०२१च्या केंद्रीय धोरणाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवभार मिसळायला सांगितले. हेतू चांगला आहे. पण कोणता अवशेष भट्टीला द्यायचा आणि कोणता मातीला, हे आच लागल्यावर तो कसा वागतो त्यावरून ठरायला हवे, असे आमचे मत आहे.

काडी थेट जळत नाही, आधी तिचे विघटन होते. ओल उडाली की साधारण २२० ते ३१५ अंश सेल्सिअसला हेमिसेल्युलोज सुटते, मग ४०० अंशांपर्यंत सेल्युलोज मोडते आणि दोन्हींतून वायू व डांबरी वाफा निघतात. लिग्निन मात्र ९०० अंशांपर्यंत रेंगाळते. कोळशाचा मोठा वाटा त्याच्यातूनच उरतो. या वाफांना पुरेशी हवा मिळाली तर ज्वाळा होते, अपुरी मिळाली तर धूर. रानातल्या आगीचा दाट धूर म्हणजे न जळताच निसटलेले इंधन. पऱ्हाटी आणि तुराटी लाकडाच्या जातीच्या: लिग्निन भरपूर, राख बेताची, कुजायला चिवट. पाचट आणि भाताचा पेंढा यांत राख जास्त. त्यांतले पोटॅशियम आणि क्लोरीन बॉयलरमध्ये राख वितळवून नळ्यांवर थर चढवतात. भट्टीला नकोसे असलेले हेच पोटॅश जमिनीला हवे असते. म्हणून पऱ्हाटी भट्टीकडे जावी, आणि खोडवा राखायचा असेल तिथे पाचट सरीतच कुजावे.

मग पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने पाचटाचाच कोळसा करून दाखवला आणि त्याला २००२ साली ॲश्डेन पुरस्कारही मिळाला, त्याचे काय? त्या भट्टीत पाचट बंद पिंपांत तापते, त्यातून सुटणारा वायू बाहेर जळून पिंपांनाच आच देतो. जिथे पुढच्या पिकासाठी रान मोकळे करायचे म्हणून पाचट जाळलेच जाणार, तिथे ही भट्टी उत्तम तोड आहे, आणि ती गावातच हवी. सुटे पाचट वाहून न्यायचे तर ट्रक भरतो, वजन भरत नाही. कोळसा करताना निम्मी ऊर्जा जाते, हा आक्षेप खरा आहे. पण त्यातलाच वायू भट्टी चालवतो, आणि हाती येते ते घरात जवळजवळ धूर न करणारे जळण.

पऱ्हाटी विकली तर गरिबाच्या चुलीचे काय, हा प्रश्न याहून गंभीर. म्हणून पहिला हक्क गावाचा असावा. पऱ्हाटीचा भुगा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या आधी गावातल्या सुधारित चुलींसाठी व्हाव्यात, उरलेली पऱ्हाटी बाहेर जावी. ती रानात उभी ठेवणेही परवडणारे नाही, कारण उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते. तेव्हा पऱ्हाटी निघणारच आहे. ती उपटण्याची मजुरी आणि गाडीभाडे कांडीच्या भावात धरले नाही, तर शेतकरी बांधावरच काडी ओढणार.