आयजीच्या जिवावर बायजी उदार

२१ मार्च २०२५ रोजी बेंगळूरच्या विधानसौधात एका दिवसात दोन गोष्टी घडल्या. विरोधी पक्षाच्या अठरा आमदारांना सहा महिन्यांसाठी निलंबित करून सभागृहाबाहेर काढण्यात आले, ही पहिली. तिची छायाचित्रे सर्व वृत्तपत्रांत झळकली, वाचकांनी चघळली आणि विसरूनही गेले. दुसरी गोष्ट त्याच गदारोळात उरकली गेली. मुख्यमंत्री, मंत्री, सभाध्यक्ष आणि आमदार यांचे वेतन वाढविणारी विधेयके चर्चेवाचून संमत झाली. आमदारांचे मूळ वेतन ४० हजारांवरून ८० हजार झाले, मंत्र्यांचे ६० हजारांवरून सव्वा लाख, मुख्यमंत्र्यांचे ७५ हजारांवरून दीड लाख. माजी आमदारांचे निवृत्तिवेतनही ५० हजारांवरून ७५ हजारांवर गेले. भत्ते वेगळे.

वाचक म्हणतील, सत्ताधारी पक्षाने विरोधकांना गप्प करून आपले खिसे भरले. तसे असते तर हा लेख लिहिण्याचे कारणच नव्हते; एका पक्षाचा दोष दुसऱ्या पक्षाने दाखवावा, ही लोकशाहीतील नित्याची बाब आहे. परंतु जरा मागे जाऊन पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य भाजपचे होते आणि मुख्यमंत्री बसवराज बोम्मई होते. एका मंत्र्यांच्या राष्ट्रध्वजाविषयीच्या वक्तव्यावरून काँग्रेसचे आमदार सभागृहात अहोरात्र धरणे धरून बसले होते. घोषणा चालू होत्या, कोणाचे कोणाला ऐकू येत नव्हते. त्या गोंगाटातच आमदारांचे वेतन २५ हजारांवरून ४० हजार आणि मुख्यमंत्र्यांचे ५० हजारांवरून ७५ हजार करणारी विधेयके संमत झाली होती. तेव्हा चर्चा झाली नाही, नंतरही झाली नाही. पक्ष बदलले, बाके बदलली, कार्यक्रम तोच राहिला. म्हणजे २०२२ च्या आरंभी २५ हजारांवर असलेले आमदारांचे मूळ वेतन तीन वर्षांत तिपटीहून अधिक झाले. इतकी उन्नती आमच्या अफजलपूर तालुक्यातील उसाच्या भावाची झाली असती, तर भीमेकाठचा शेतकरी सावकाराच्या ओट्यावर बसलेला दिसला नसता.

महाराष्ट्रातून येणाऱ्या दत्तभक्तांनी यावर हसण्याचे कारण नाही. त्यांच्याकडेही ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांची वेतनवाढ अशीच चर्चेवाचून मंजूर झाली होती. एरवी कांद्यापासून सीमाप्रश्नापर्यंत कशावरही एकमत न होणाऱ्या मंडळींचे या एका विषयावर मात्र अद्वैत असते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने भावनेपेक्षा आकड्यांकडे आधी पाहतो. या वाढीने तिजोरीवर वर्षाला सुमारे ६२ कोटी रुपयांचा बोजा पडेल असे वृत्तपत्रांत आले. ७ मार्च २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी मांडलेले २०२५-२६ चे अंदाजपत्रक ४ लाख ९ हजार ५४९ कोटींचे होते. शंभर रुपयांतील दीड पैसा! एवढ्याने कर्नाटक बुडत नाही, हे मी मान्य करतो. मग तक्रार कसली? तक्रार ही की, ज्या घरात कर्ता पुरुष स्वतःच्या ताटात तूप वाढून घेताना दिवा मालवतो, त्या घराच्या बाकीच्या हिशोबावर विश्वास ठेवणे कठीण जाते.

तो बाकीचा हिशोब पाहू. त्याच अंदाजपत्रकात १ लाख १६ हजार कोटींचे नवे कर्ज घेण्याचे योजिले होते. म्हणजे खर्चाच्या शंभर रुपयांतील अठ्ठावीस रुपये उसने. महसुली तूट १९ हजार २६२ कोटी. महसुली तूट याचा साधा अर्थ असा की, रोजच्या चुलीचा खर्चही मिळकतीत भागत नाही. विहीर खोदण्यासाठी काढलेले कर्ज वेगळे आणि पीठमीठ आणण्यासाठी काढलेले वेगळे, हे आमच्याकडील कोणत्याही आजीबाईला ठाऊक असते. वर्षअखेर राज्यावरील एकूण देणे ७ लाख ६४ हजार ६५५ कोटींवर जाईल असा अंदाज होता. राज्याची लोकसंख्या सात कोटींच्या आसपास धरली, तर पाळण्यातल्या पोरासकट प्रत्येकाच्या डोक्यावर एक लाखाहून अधिक. सरकारचे म्हणणे असे की, हे देणे राज्याच्या सकल उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांच्या आत, म्हणजे कायद्याच्या मर्यादेत आहे. ते खरे आहे. कुडाच्या आत राहूनही माणूस कर्जबाजारी होऊ शकतो, हेही खरे आहे.

यावर कोणी म्हणेल, हा पैसा गरिबांनाच गेला ना? पाच हमी योजनांसाठी त्या वर्षी ५१ हजार ३४ कोटींची तरतूद होती, शंभरातील साडेबारा रुपये. शक्ती योजनेने ११ जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. गृहलक्ष्मीचे महिना दोन हजार, घरगुती विजेचे दोनशे युनिट, शिवाय तांदूळ आणि बेकार पदवीधरांना भत्ता. माझ्या घरातील स्त्रियाही शक्तीच्या बसने कलबुरगीला जातात, आणि जन्मात कधी एकट्या तालुक्याबाहेर न गेलेल्या माझ्या एका मावशीने हंपी पाहिली. तिचा आनंद खोटा आहे असे म्हणण्याइतका मी कोरडा नाही. पण ५ जानेवारी २०२५ पासून बसचे भाडे पंधरा टक्के वाढले ते कोणी भरले? मावशीच्या नवऱ्याने आणि मुलाने. जून २०२४ मध्ये डिझेलवरील कर लिटरमागे तीन रुपयांनी वाढला, १ एप्रिल २०२५ रोजी आणखी दोन रुपयांनी महागले, त्याच दिवशी नंदिनी दूध लिटरला चार रुपयांनी चढले. मावशी फुकट गेली आणि घरचा चहा महागला. तिच्या पिशवीत एका हाताने घातलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. मधल्यामध्ये देणाऱ्याचे छायाचित्र तेवढे मोठ्या फलकावर लागते. सीमेपलीकडे जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ आली, तिथले राज्यकर्ते इथल्या राज्यकर्त्यांचे कट्टर विरोधक; पण रीत तीच. म्हणूनच या लेखाला वरचे शीर्षक दिले आहे. उदार बायजी कोण ते वाचकांनी ओळखावे. आयजी आपण सर्व.

आता थोडे आपल्या गावाकडे वळू. गाणगापुरात दुपारी माधुकरीची वेळ झाली की, लक्षाधीश व्यापारीसुद्धा झोळी घेऊन पाच घरी उभा राहतो. घेणाऱ्याने किती घ्यावे याची मर्यादा त्या रिवाजातच आहे. मिळेल ते घ्यायचे, कमी पडले म्हणून सहावे दार ठोठवायचे नाही आणि उद्यासाठी साठवायचे नाही. गुरुचरित्रात परान्नत्यागाचे व्रत करणाऱ्या ब्राह्मणाची कथा आहे. त्याच्या पत्नीला परघरच्या पंगतीची फार ओढ, नवऱ्यापाशी तिचा नित्य हट्ट. श्रीगुरूंनी त्या ब्राह्मणाला सांगितले, एकदा तिच्याबरोबर पंगतीला जाऊन बैस. तेथे पानावर बसल्यावर तिला आपल्यासोबत श्वान-सूकरही जेवत आहेत असे दिसले आणि तिची वासना फिटली. (ही कथा मराठीत सांगणारे सरस्वती गंगाधर मूळचे कन्नडभाषी होते. आपल्या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.) जुन्या लोकांनी फुकटच्या अन्नाविषयी जो संकोच बाळगला होता, तो दारिद्र्याचा गौरव नव्हता. ज्याच्या पंगतीला बसलो त्याच्याविषयी पुढे खरे बोलता येत नाही, हा त्यामागचा व्यवहार होता. आज मतदार आणि आमदार एकमेकांच्या पंगतीला बसले आहेत. मग कोणी कोणाला जाब विचारायचा?

आमदारांची बाजू मी ऐकलेली आहे. ते म्हणतात, सकाळी सहापासून दारात माणसे असतात, कोणाला लग्नासाठी मदत हवी, कोणाला दवाखान्यासाठी, जत्रेची वर्गणी, चहापाणी, गाडीचे तेल. चाळीस हजारांत हे भागते काय? प्रश्न खोटा नाही. पण आमदाराचे काम लग्नाचा आहेर देण्याचे आहे हे ठरविले कोणी? त्याला निवडून पाठविले ते कायदे करण्यासाठी आणि अंदाजपत्रकातील प्रत्येक मागणीला ‘कशासाठी?’ असे विचारण्यासाठी. पहिले काम आपण त्याच्यावर लादले आणि दुसरे तो विसरला. दवाखान्यात वेळेवर औषध मिळाले तर आमदाराच्या दारी रांग लागणार नाही. आणि रांग लागली नाही तर आमदाराला चैन पडणार नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव आजच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरते आठवते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याला मिळणाऱ्या मासिक पंचाहत्तर रुपयांवर फर्ग्युसनमध्ये गणित शिकविणारा हा प्राध्यापक २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याला केंद्रीय विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलावयास उभा राहिला. त्या वर्षी सरकारकडे तूट नव्हती, शिल्लक होती. सभागृहात सगळे त्या शिलकीचे कौतुक करीत होते. गोखल्यांनी विचारले की, दुष्काळाने प्रजा खंगलेली असताना तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ काय? अर्थ एवढाच की, गरजेपेक्षा अधिक कर वसूल केला जात आहे. १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता, तो कमी करा, असा त्यांचा आग्रह होता. गोखल्यांच्या हाती मत फिरविण्याइतके बळ नव्हते, निलंबनाची भीती घालणारा किंवा फुकट प्रसिद्धी देणारा कॅमेराही नव्हता. होते ते केवळ सरकारच्याच कागदांतून काढलेले आकडे. १९०३ साली तो कर पुन्हा दोन रुपयांवर आला. परक्या सरकारपुढे एकटा माणूस शिलकीचा जाब विचारू शकला. स्वतःच्या सरकारपुढे विधानसभेचे दोनशे चोवीस आणि परिषदेचे पंचाहत्तर मिळून तुटीचा जाब विचारीत नाहीत.

आणखी एक जुनी गोष्ट. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला होता की, सरकारी सेवकाचे वेतन सामान्यतः पाचशे रुपयांपेक्षा अधिक असू नये. १९३७ मध्ये प्रांतांत मंत्रिमंडळे बनली तेव्हा काँग्रेसच्या मंत्र्यांनी खरोखर पाचशेच घेतले. आमचे गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे आमच्या आजोबांना असले मंत्री पाहावयास मिळाले नाहीत. आणि १९५६ साली आम्ही म्हैसूर राज्यात आलो तोवर काळ पालटला होता. पाचशे रुपयांचा तो हट्ट पुढे टिकणार नव्हता हे उघड आहे, महागाई सर्वांनाच आहे. परंतु ती मर्यादा घालणाऱ्यांनी स्वतःला आधी घातली होती.

मर्यादेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २००३ साली ९१ वी घटनादुरुस्ती झाली आणि मंत्रिमंडळ सभागृहाच्या पंधरा टक्क्यांहून मोठे असू नये असे ठरले. कर्नाटकात म्हणजे चौतीस. मग उरलेल्यांची समजूत कशी काढायची? जानेवारी २०२४ मध्ये तीसहून अधिक आमदारांना निरनिराळ्या मंडळांची व महामंडळांची अध्यक्षपदे देण्यात आली. आधीच्या सरकारांनीही हेच केले. मंत्रिपद नाही, पण मान, मोटार आणि कचेरी आहे. घटनेच्या कुंपणाला हात न लावता कुंपणाशेजारून वाट काढण्याचे हे कसब कौतुकास्पद म्हटले पाहिजे.

आपल्या भागाला कल्याण कर्नाटक असे नाव २०१९ मध्ये मिळाले; ३७१ (जे) कलम २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने मिळाले; विभागीय विकास मंडळाला वर्षाला पाच हजार कोटींची तरतूद जाहीर होते. नंजुंडप्पा समितीने २००२ सालीच या भागाचे मागासलेपण तालुकावार मोजून दाखविले होते. पाच हजार कोटी ही लहान रक्कम नव्हे. तिचा गाववार हिशोब पंचायतीच्या भिंतीवर का लागत नाही? आमच्या संगमावर पौर्णिमेला येणाऱ्या स्त्रियांना स्नानानंतर आडोसा शोधावा लागतो. सरकारी महाविद्यालयांत अतिथी अध्यापक वर्षामागून वर्षे तुटपुंज्या मानधनावर शिकवितात आणि दर जूनमध्ये आपली नेमणूक होईल की नाही याची वाट पाहतात. (आपली महाविद्यालयेही अनुदानावर चालतात हे मी जाणतो, आणि म्हणूनच हिशोब मागण्याचा अधिकार आपल्याला अधिक आहे असे मानतो.)

उपाय नाहीत असे नव्हे. घटनेच्या १९५ व्या कलमाने आमदारांचे वेतन ठरविण्याचा अधिकार विधिमंडळालाच दिला आहे, म्हणजे मालही त्यांचा आणि तागडीही त्यांचीच. इंग्लंडमध्ये खासदारांच्या खर्चाची लफडी उघडकीस आल्यावर २००९ साली त्यांचे खर्च व वेतन पाहणारी स्वतंत्र संस्था निर्माण केली गेली. अमेरिकेने १७८९ मध्ये सुचविलेली आणि १९९२ मध्ये लागू झालेली घटनादुरुस्ती सांगते की, प्रतिनिधींच्या वेतनातील बदल पुढची निवडणूक झाल्यावरच अमलात यावा. पंजाबने २०२२ मध्ये प्रत्येक कार्यकाळासाठी वेगळे मिळणारे निवृत्तिवेतन बंद करून एका आमदाराला एकच ठेवले. यांपैकी अमेरिकेचा नियम मला अधिक आवडतो. जो वाढ मंजूर करतो त्याने ती घेण्यापूर्वी आमच्या दारात यावे आणि आम्ही त्याला पुन्हा पाठवावे किंवा न पाठवावे.

पण त्याच्याही आधी एक अगदी साधी गोष्ट करता येईल. ही विधेयके आवाजी मताने संमत होतात. ‘होय’ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा ठरला की झाले. नावे नोंदली जात नाहीत. नावे नोंदवून मत घ्यावे अशी मागणी एखाद्या सदस्याने करावी लागते, आणि २१ मार्चच्या त्या गोंगाटात ती कोण करणार? त्यामुळे आपल्या भागातील कोणत्या आमदाराने या वाढीला ‘होय’ म्हटले, कोण गप्प बसला आणि कोण बाहेर उभा राहून घोषणा देत होता, हे उद्या या महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी शोधायचे ठरविले, तर सभागृहाच्या कामकाजात त्याला फक्त ‘प्रस्ताव संमत झाला’ एवढेच शब्द सापडतील.