रक्त तर थांबले होते, मग तिसऱ्या दिवशी काय झाले?

चाकणच्या प्रेसशॉपमध्ये हात सापडतो, तळेगाव रस्त्यावर दुचाकी कंटेनरखाली येते, मोशीत बांधकामावरून कोणी पडतो. आपल्या भागातल्या घरांना असे फोन नवे नाहीत. ऑपरेशन होते, डॉक्टर सांगतात की रक्त थांबले आहे, आणि बाहेर बसलेल्यांच्या जिवात जीव येतो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच माणसाला धाप लागते, लघवी कमी होते, तो असंबद्ध बोलू लागतो. अम्मी विचारतात, "ऑपरेशन चांगले झाले होते ना?" कॉरिडॉरमध्ये कुजबुज सुरू होते की डॉक्टरांनीच काहीतरी चुकवले. कधी चूक असतेही. पण पुष्कळदा याचे कारण जखमीच्या स्वतःच्या शरीरात असते, आणि ते घरच्यांना आधीच समजावून सांगितले जात नाही.

तळवड्याची आग आठवत असेल. केकवर लावायच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात ८ डिसेंबर २०२३ रोजी भडका उडाला. सहा महिला त्याच दिवशी गेल्या. पुढच्या काही दिवसांत रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांपैकीही काही जणी दगावल्या. मोठ्या भाजण्यात किंवा चिरडण्यात पहिला दिवस पार पडला म्हणजे धोका टळला असे होत नाही.

आपल्याला दोन प्रकारची प्रतिकारशक्ती असते. एक शिकलेली, लस घेतल्यावर किंवा आजार होऊन गेल्यावर येणारी. दुसरी जन्मजात. ती जंतूची ओळख पटायची वाट पाहत नाही, काही मिनिटांत कामाला लागते. पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात, जंतू गिळतात, मेलेला भाग साफ करतात. साधे बोट कापले की जी लाली, सूज आणि ठणका येतो, ती त्यांचीच कामगिरी.

जखम मोठी असली की इथेच घोटाळा होतो. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया नावाचे बारीक भाग असतात. अतिप्राचीन काळी ते जंतूच होते, पुढे पेशीत वस्तीला आले. मांसपेशी चिरडली की त्यांचे तुकडे रक्तात सांडतात आणि संरक्षक पेशींना वाटते जंतूंचा हल्ला झाला! बोस्टनच्या संशोधकांनी २०१० मध्ये जखमी रुग्णांच्या रक्तात हे तुकडे मोजून दाखवले. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत जंतूसंसर्ग नसतानाही ताप येऊ शकतो. ताप दिसला की लगेच "भारी अँटिबायोटिक द्या" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नये.

हा खोटा गजर अंगभर वाजला की बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. चेहरा, हातपाय सुजतात, फुप्फुसात पाणी साचते, मूत्रपिंड मंदावते. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने संरक्षक पेशी दमतात आणि खरा जंतू आला तर त्याला अडवू शकत नाहीत. एकीकडे अतिरेक, दुसरीकडे थकवा, दोन्ही एकदम. मग हे सगळे दाबून टाकणारे इंजेक्शन का देत नाहीत? डोक्याला मार लागलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर स्टिरॉइडची मोठी चाचणी झाली. २००४ मध्ये निकाल आला तेव्हा स्टिरॉइड दिलेल्यांतच मृत्यू जास्त निघाले.

म्हणून खरे काम पहिल्या तासांत असते. रक्त जितके कमी वाहील, तितका पुढचा भडका लहान. स्वच्छ कापडाने जखम जोरात दाबून धरा, जखमीला पांघरूण घाला, १०८ ला फोन लावा. हळद, तेल, टूथपेस्ट काही लावू नका. भाजले असेल तर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी, बर्फ नाही. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झामिक अॅसिड तीन तासांच्या आत दिले तर जीव वाचवते, उशिरा दिल्यास अपाय करू शकते. म्हणून ओळखीच्या छोट्या दवाखान्यात आधी पट्टी बांधून घेऊ, मग बघू, हा विचार महागात पडतो.

आयसीयूतल्या दिवसांबद्दल थोडे. इयादत आपल्याकडे फर्जासारखी पाळली जाते, पण थकलेल्या प्रतिकारशक्तीच्या माणसाभोवती वीस जणांनी जमणे म्हणजे वीस जणांचे जंतू. एकाने आत जावे, हात धुऊन; बाकीच्यांची दुआ बाहेरूनही पोहोचते. दम केलेले पाणी बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात घालू नका, ते श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. मधुमेह असेल, तंबाखू-मिशरी असेल तर लपवू नका. डिस्चार्जनंतर अंडी, डाळ, गोश्त भरपूर द्या, कारण या भडक्यात शरीर स्वतःचेच मांस जाळते. मूत्रपिंडाला त्रास झाला असेल तर मात्र किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. आणि घरी आल्यावर पुन्हा धाप, थंडी वाजून ताप, गुंगी किंवा लघवी कमी झाली तर सकाळची वाट पाहू नका.

बरे वाटतेय म्हणून सही करून दुसऱ्याच दिवशी रुग्णाला घरी आणणारे बहुतेक जण खर्चाच्या भीतीने आणतात. त्यांनी ईएसआय कार्ड आहे का ते पाहावे. कामावरच्या अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली ही अट नसते, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क असतो आणि काम बंद असेपर्यंत सरासरी पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. ठेकेदार "घरी पडला म्हणून लिहून द्या" असे सांगेल, तर तसे लिहून देऊ नका. हा हक्क कामावरच्या अपघाताचा आहे आणि केसपेपरवर पहिल्या दिवशी काय लिहिले ते पुढे तपासले जाते.