निवृत्तीआधीची आवराआवर

निवृत्तीच्या आधी घरातला पसारा कमी करायचा तर हाताशी तीन-चार वर्षे हवीत. नाशिकमध्ये काहींना त्याची मुदत नोकरीच घालून देते. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेस (१९२५) आणि करन्सी नोट प्रेस (१९२८), ओझरचा एचएएल कारखाना, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र यांच्या वसाहतींत राहणाऱ्यांना निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावेच लागते. पंचवटीतल्या वाड्यात किंवा गंगापूर रोडच्या बंगल्यात राहणाऱ्यांना अशी तारीख नसते. त्यामुळे काम लांबत जाते आणि शेवटी आठवडाभराच्या रजेवर आलेल्या मुलांवर पडते. कोणती वस्तू कुणाची, ती कशासाठी जपली, हे मुलांना ठाऊक नसते. मग चांगले-वाईट सगळेच भंगारात जाते. म्हणून ज्यांनी संसार मांडला त्यांनीच हातपाय चालत असताना तो आवरता घ्यावा.

सुरुवात जीव न गुंतलेल्या वस्तूंपासून करावी. माळ्यावरचा बंद मिक्सर, टीव्हीची रिकामी खोकी, वाळलेल्या रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे काढताना मन अडखळत नाही आणि निर्णय घेण्याची सवय लागते. बंद पडलेली विजेची उपकरणे घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नयेत. त्यांत शिसे, पारा असे घातक धातू असू शकतात. ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावीत.

त्यानंतर कपडे आणि अंथरुणे. पाहुण्यांसाठी राखलेल्या गाद्या घरात किती पाहुणे मुक्कामाला येतात ते पाहून ठेवाव्यात. जुन्या सुती साड्या-धोतरांच्या गोधड्या शिवून घेता येतात. चांगले कपडे विरण्याआधीच दिले, तर घेणाऱ्याला ते वापरता येतात.

खरा कस स्वयंपाकघरात लागतो. तांब्या-पितळेच्या कामासाठी नाशिक जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे आणि इथल्या घरांत बंब, घंगाळ, हंडे, कळश्या, पातेली यांची कमी नसते. मोडीत घातल्यावर भांड्याला फक्त धातूच्या वजनाचा भाव मिळतो; घडणावळ बुडते. त्यामुळे वापरणारे घर आधी शोधावे. कल्हई करून रोज वापरता येतील अशी दोन-चार भांडी ठेवावीत, मोठी पातेली मंगल कार्यासाठी भांडी पुरवणाऱ्या मंडळाला किंवा देवस्थानाला द्यावीत. देण्यापूर्वी भांड्यावर घातलेली नावे वाचावीत. लग्नात-मुंजीत आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, कधी तारीखही कोरलेली असते. ती वहीत उतरवून घेतली तर भांडे गेले तरी नाते कळत राहते.

देव्हाऱ्यातल्या जुन्या मूर्तींबाबत सावध राहायला हवे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या मुलांसाठी अशी मूर्ती सामानात बांधण्याआधी तिचे वय तपासून घ्यावे.

पुस्तके देताना ग्रंथालयाला आधी यादी दाखवावी. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारखी जुनी संस्था नाशिकमध्ये आहे, पण कोणत्याही ग्रंथालयापाशी जागा मर्यादितच असते. पोत्यात भरून नेलेल्या पुस्तकांपेक्षा निवडक, धड बांधणीची पुस्तके वाचकांपर्यंत पोचतात. फडताळात मोडी लिपीतले दप्तर निघाले, तर जाणकाराने वाचेपर्यंत त्यातला एकही कागद रद्दीत घालू नये.

कागदपत्रे अखेरीस, सावकाश पाहावीत. खरेदीखत, सातबारा, मृत्युपत्र, विमा, सेवापुस्तिकेची प्रत आणि पुढे येणारा पेन्शनचा आदेश एकाच फाइलमध्ये ठेवून घरातल्या दुसऱ्या माणसाला ती जागा दाखवावी. घराच्या वाढीव बांधकामाची बिलेही जपावीत. घर विकताना भांडवली नफा मोजण्यासाठी ती लागतात. फोटो आणि पत्रे सर्वांत शेवटी घ्यावीत. फोटोच्या मागे माणसांची नावे व साल लिहिण्याचे काम घरातल्या वडीलधाऱ्यांनाच जमते, कारण ते चेहरे ओळखणारे दुसरे कुणी उरलेले नसते.

घर लहान करण्याचा निर्णय पसारा कमी झाल्यावर घ्यावा. आधी एक-दोन खोल्या वर्षभर बंद ठेवून पाहाव्यात. सणावाराला त्यांची गरज भासते का, ते कळते. नव्या फ्लॅटची मापे घेतल्यावरच सागवानी पलंग आणि झोपाळ्याचा निकाल लावावा. दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असलेले घर विकून मिळालेला नफा दुसऱ्या घरात गुंतवल्यास प्राप्तिकरात सवलत मिळते. त्यासाठी नवे घर विक्रीच्या आधी एक वर्षाच्या किंवा नंतर दोन वर्षांच्या आत विकत घ्यावे लागते. बांधायचे असल्यास मुदत तीन वर्षांची असते. या तारखा जुळवायच्या तर घर बदलण्याचा विचार पगार चालू असतानाच सुरू झालेला बरा.